चाहत्यांनाच बडवणारा खेळ

हिरव्यागार माळावर एक बुटकी मुलगी उभी आहे. अंगात शार्कच्या जबड्यासारखी टोपी असलेला निळा झगा, मागे शेपूट, हातात त्रिशूळ. चारही दिशांनी तिच्यावर झुंडी चालून येतात. सुरुवातीला तुरळक, मग दाट, आणि पंधराव्या मिनिटाच्या सुमारास पडद्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. पण या झुंडीत ना राक्षस आहेत, ना झोंबी. चालून येणारे सगळे चाहते आहेत, काही तिचे, काही तिच्या मैत्रिणींचे. कुठल्याशा दुष्ट शक्तीने त्यांचं डोकं फिरवलंय आणि प्रेमाच्या भरात ते आपल्या लाडक्या व्यक्तीला चिरडायला निघालेत. त्यांना बडवून शुद्धीवर आणायचं, एवढीच या खेळाची गोष्ट.

खेळाचं नाव ‘होलोक्युअर – सेव्ह द फॅन्स!’. के यू या पिक्सेल-अ‍ॅनिमेटरने सोबत्यांच्या मदतीने तो तयार केला आणि जून २०२२मध्ये इंटरनेटवर ठेवला. ऑगस्ट २०२३मध्ये तो स्टीम या गेमच्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानात आला. तिथेही किंमत शून्य. खेळाच्या आतही खऱ्या पैशाने काही विकत घेता येत नाही. तरीही स्टीमवरच्या अभिप्रायांमध्ये त्याने सर्वांत वरची श्रेणी पटकावली आणि टिकवली.

वरवर पाहता हा टाइमपास आहे, आणि तो तसा आहेच. पण आभासी स्ट्रीमर, म्हणजे व्हीट्यूबर, हा अलीकडच्या जपानी करमणुकीतला विलक्षण धंदा नेमका कशावर चालतो हे समजून घ्यायचं असेल, तर या फुकट खेळाइतका चांगला मार्गदर्शक सापडणं अवघड.

बाहुली आणि बोलणारा

व्हीट्यूबर म्हणजे स्वतःचा चेहरा न दाखवता, अ‍ॅनिमे शैलीतल्या चित्ररूपाआडून थेट प्रक्षेपण करणारी व्यक्ती. ती गेम खेळते, गाते, गप्पा मारते, मध्येच जेवते. तिची भुवई उंचावली की पडद्यावरच्या चित्राचीही उंचावते. आपल्याकडे रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावांना ज्यांनी पाहिलंय त्यांना यातली गंमत लगेच कळेल. बोलतंय कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी दाद अर्धवटरावांनाच मिळते, आणि पाध्ये स्वतः कधी बोलणार नाहीत असं काहीबाही अर्धवटराव बिनदिक्कत बोलून जातात. फरक एवढाच, की व्हीट्यूबरच्या बाबतीत बोलणारा माणूस रंगमंचावर दिसतच नाही.

या प्रकाराला नाव आणि लोकप्रियता मिळाली ती किझुना आय या पात्रामुळे. २९ नोव्हेंबर २०१६ रोजी तिचा पहिला व्हिडिओ यूट्यूबवर आला आणि त्यात तिने स्वतःची ओळख ‘व्हर्च्युअल यूट्यूबर’ अशी करून दिली. त्याच वर्षी टोकियोत तानिगो मोतोआकी यांनी कव्हर ही कंपनी काढली होती. या कंपनीचं पहिलं पात्र तोकिनो सोरा ७ सप्टेंबर २०१७ रोजी प्रथम थेट प्रक्षेपणावर आलं, तेव्हा बघायला अवघे १३ जण होते. पुढे याच कंपनीच्या होलोलाइव्ह या संघाने सगळा बाजार ढवळून काढला. सप्टेंबर २०२०मध्ये त्यांची इंग्रजी बोलणारी पाच जणींची पहिली तुकडी आली आणि त्यातल्या गॉर गुराने, म्हणजे वर आलेल्या त्रिशूळवाल्या शार्क-मुलीने, दीड महिन्याच्या आत दहा लाख सदस्य जमवले. होलोलाइव्हमध्ये तोवर कोणालाही हा आकडा गाठता आला नव्हता. २०२३मध्ये कव्हर टोकियोच्या शेअर बाजारात नोंदली गेली. तिची प्रतिस्पर्धी एनीकलर ही निजिसान्जी संघ चालवणारी कंपनी आदल्याच वर्षी तिथे पोहोचली होती.

याच निजिसान्जीने जानेवारी २०२१मध्ये भारतातही नशीब आजमावलं होतं. आद्या, नूर आणि विहान अशी तीन पात्रं उतरवली, पण एप्रिलअखेर ती शाखा गुंडाळलीही गेली. भारतात आज व्हीट्यूबर पाहणारी तरुण मंडळी पुष्कळ आहेत, पण ती पाहतात जपानी आणि इंग्रजी पात्रांना.

चित्र हलतं कसं

बहुतेक व्हीट्यूबरचं रोजचं रूप त्रिमितीय नसतं, ते एक सपाट चित्र असतं. चित्रकार ते काढताना सुट्या भागांचा विचार करतो. वरची पापणी वेगळी, खालची वेगळी, बुबुळ वेगळं, केसांची एकेक बट वेगळी, वरचा ओठ आणि खालचा ओठही वेगवेगळ्या थरांवर. मग लाइव्ह टू-डी नावाच्या जपानी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भागावर त्रिकोणांची जाळी अंथरली जाते. मान डावीकडे वळली की नाक किती सरकेल, गाल किती दबेल, मागची बट किती उशिराने झुलेल, हे सगळं दुसरा कारागीर एकेक करून ठरवून ठेवतो. एका चांगल्या पात्राला यात कित्येक आठवडे जातात. या वर्तुळात चित्रकाराला पात्राची ‘मामा’ म्हणजे आई म्हणतात आणि हालचाल बसवणाऱ्याला ‘पापा’. व्हीट्यूबर आपल्या प्रक्षेपणात ‘आईला’ बोलावते तेव्हा बहुधा ती चित्रकार असते.

आता हे चित्र चेहऱ्याला जोडायचं. २०१७च्या आयफोन टेनमध्ये चेहरा ओळखण्यासाठी एक खास कॅमेरा आला. तो चेहऱ्यावर डोळ्यांना न दिसणारे तीस हजारांहून जास्त अवरक्त ठिपके टाकून त्याचा उंचसखलपणा मोजतो. अ‍ॅपलच्या प्रणालीतून चेहऱ्याच्या हालचालींचे ५२ आकडे सतत बाहेर पडतात. डावा डोळा किती मिटला, जबडा किती उघडला, ओठ किती आवळले, सगळं आकड्यांत. हे आकडे चित्राच्या सांध्यांना जोडले की झालं. कुलूप उघडायला केलेली सोय अशी नटाच्या कामी आली. साध्या वेबकॅमवरही हे जमतं, फक्त हावभाव थोडे ढोबळ येतात. सपाट चित्राची एक मर्यादा मात्र राहतेच. मान थोडीफार वळते, पण पाठ दाखवता येत नाही. त्यासाठी त्रिमितीय मॉडेल आणि हालचाली टिपणारा स्टुडिओ लागतो, आणि तो नाच-गाण्याच्या खास कार्यक्रमांसाठी राखून ठेवलेला असतो.

वीस मिनिटं तग धरा

‘होलोक्युअर’चा सांगाडा उसना आहे आणि तो कुठून आणला हे त्याने कधी लपवलेलं नाही. डिसेंबर २०२१मध्ये लुका गालान्ते यांचा ‘व्हँपायर सर्व्हायव्हर्स’ हा खेळ स्टीमवर आला होता. दिसायला तीस वर्षांपूर्वीच्या व्हिडिओ गेमसारखा, किंमत एका कप कॉफीहून कमी. त्यात हल्ला करण्यासाठी बटण दाबावंच लागत नाही. पात्र आपोआप वार करत राहतं, खेळणाऱ्याने फक्त हलत राहायचं आणि जगायचं. मेलेल्या शत्रूतून रत्नं पडतात, ती वेचली की शक्ती वाढते, शक्ती वाढली की तीन-चार पर्यायांतून एक नवं शस्त्र किंवा सुधारणा निवडायची. गालान्ते यांनी पूर्वी जुगाराच्या यंत्रांच्या उद्योगात काम केलं होतं. बक्षिसाची पेटी उघडताना होणारी रोषणाई पाहिली की तो अनुभव कुठे मुरलाय हे कळतं. या खेळाने मार्च २०२३मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट खेळाचा मान मिळवला आणि ‘एल्डन रिंग’सारख्या बलाढ्य खेळाला मागे टाकलं.

‘होलोक्युअर’ने हाच सांगाडा घेतला आणि वेळ आखडून वीस मिनिटांवर आणली. वीस मिनिटं तग धरा, शेवटी येणाऱ्या बड्या शत्रूला लोळवा, की पातळी जिंकली. सहा शस्त्रं, सहा वस्तू, एवढंच सोबत बाळगता येतं. मात्र इथे प्रत्येक पात्राची स्वतःची ढब आहे. गुरा त्रिशूळ भोसकते, तर गुप्तहेर अमेलिया वॉटसन पिस्तूल चालवते आणि तिचा बब्बा नावाचा कुत्रा मदतीला धावतो. मृत्युदूत मोरी कॅलिओपी कोयता फिरवते, तर निनोमाए इनानिस जमिनीतून अष्टपादाचे बाहू उगवते. पहिल्या आवृत्तीत इंग्रजी शाखेतल्या ११ जणी होत्या. पुढे जपानी आणि इंडोनेशियन शाखांमधली पात्रं येत गेली. नवी पात्रं मिळवायला सोडत काढावी लागते, पण तीही खेळात कमावलेल्या नाण्यांनीच. स्टीमवर येताना तर त्यात एक घरही आलं, जिथे लढाईचा कंटाळा आला की मासे पकडता येतात आणि शेती करता येते.

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही चांगल्या नकलेत सापडेल. खरी करामत शस्त्रांच्या पेटीत आहे.

शस्त्रागार की आठवणींचं कपाट?

‘स्पायडर कुकिंग’ हे शस्त्र घेतलं की पात्राभोवती एक विषारी वर्तुळ तयार होतं आणि त्यात पाऊल टाकणाऱ्याला इजा होते. हे आलं कुठून? होलोलाइव्हच्या अकाई हातो या पात्राच्या भयंकर पाककृतींतून. तिने एका प्रक्षेपणात चक्क टॅरँट्युला जातीचा कोळी शिजवून खाल्ला होता. ‘एलिट लाव्हा बकेट’ने जमिनीवर लाव्ह्याची डबकी पडतात. स्वतःला सतत ‘एलिट’ म्हणवून घेणारी साकुरा मिको आणि ‘माइनक्राफ्ट’ खेळातला लाव्हा यांची ती आठवण. ‘सायको अ‍ॅक्स’ ही गोल गोल फिरणारी कुऱ्हाड होशिमाची सुईसेईची. गोड गळ्याच्या या गायिकेला चाहत्यांनी थंड डोक्याची खुनशी बाई ठरवून टाकलंय, आणि तीही ते मजेत निभावते.

एक शस्त्र खुद्द मालकावर आहे. तानिगो यांचं नाव एका पात्राने वाचताना ‘यागू’ असं चुकीचं वाचलं आणि तेच त्यांना चिकटलं. त्यांना म्हणे गोड, सोज्वळ गायिकांचा संघ उभारायचा होता. प्रत्यक्षात जमला कोळी शिजवणाऱ्यांचा मेळा. त्यावरून ‘यागूंचं स्वप्न भंगलं’ हा चाहत्यांचा आवडता विनोद झाला, आणि खेळात ‘सीईओज टीअर्स’ म्हणजे साहेबांचे अश्रू हे गोळ्यांसारखं सुटणारं शस्त्र आलं.

हे शस्त्रागार पाहिलं की व्हीट्यूबरचं पात्र नेमकं घडतं कसं ते स्पष्ट होतं. कंपनी एक चित्र आणि चार ओळींची पार्श्वकथा देते. अमेलिया काळात प्रवास करणारी गुप्तहेर आहे, कियारा ही फिनिक्स पक्षी असून कोंबडीचं दुकान चालवते, वगैरे. पण तीन तास बोलत राहिल्यावर पार्श्वकथा कोणाला आठवते? त्या तीन तासांत जे निसटतं, म्हणजे फसलेला शब्द, अनावर हसू, हट्टाने केलेला बेत, ते प्रेक्षक टिपून ठेवतात. त्याचे तुकडे कापून पसरवतात, चित्रं काढतात, तोच विनोद शंभरदा करतात, आणि मग तो पात्राचा स्वभाव होऊन बसतो. कंपनी आराखडा देते, पडद्यामागची व्यक्ती जीव ओतते आणि गर्दी आठवणी देते. ‘होलोक्युअर’ जवळजवळ सगळा या तिसऱ्या वाट्यातून बांधलेला आहे.

धंद्याची थट्टाही त्यात आहे, आणि ती चांगलीच नेमकी आहे. यूट्यूबने २०१७च्या सुरुवातीला ‘सुपर चॅट’ आणलं. पैसे भरले की तुमचा संदेश रंगीत पट्टीत ठळक दिसतो, रक्कम मोठी असेल तर थेट लाल पट्टीत. २०२०मध्ये जगात सर्वाधिक सुपर चॅट मिळवणारी होलोलाइव्हची किर्यू कोको होती. सकाळी विनोदी बातम्या देणारा तिचा ‘आसाकोको’ हा कार्यक्रम गाजला होता, आणि तोही खेळात शस्त्राच्या रूपात आहे. सुपर चॅटच्या नावाची वस्तू घेतली की जास्त नाणी पडतात. ‘मेंबरशिप’ नावाची वस्तू घेतली की तुमची ताकद वाढते, पण जवळची नाणी हळूहळू गळत राहतात. दर महिन्याला खात्यातून जाणाऱ्या वर्गणीचं याहून नेटकं चित्र काढता येणार नाही. आणि ‘बॉडी पिलो’, म्हणजे लाडक्या पात्राचं चित्र छापलेली लांबलचक उशी, खेळात ढालीचं काम करते.

दोन शस्त्रं सर्वोच्च पातळीला नेली आणि सोन्याची ऐरण हाती लागली की ती एकत्र ठोकून तिसरं बनवता येतं. या प्रकाराला खेळात ‘कोलॅब’ म्हणतात. दोन व्हीट्यूबरनी मिळून केलेल्या प्रक्षेपणालाही कोलॅबच म्हणतात. कोळ्याची पाककृती आणि लाव्ह्याची बादली एकत्र केली की भीषण स्वयंपाक तयार होतो. गाणं आणि चाहत्यांच्या हातातली चमकती कांडी एकत्र केली की होते मैफल. गाणारी एकटीच असेल तर ते नुसतं गाणं. समोर कांडी हलवणारे हात आले की मगच मैफल, हा हिशेब के यू यांनी शस्त्रांच्या भाषेत मांडलाय.

शत्रू कोण?

व्हीट्यूबरवर ‘होलोक्युअर’च्या आधीही अ‍ॅक्शन गेम निघाले होते. कंपाइल हार्ट या जपानी कंपनीचा ‘नेपच्युनिया व्हर्च्युअल स्टार्स’ २०२० साली जपानमध्ये आणि पुढच्या वर्षी बाहेर आला. तोही हलकाफुलका, रंगीबेरंगी, आणि खऱ्या व्हीट्यूबरना पाहुणे म्हणून घेणारा. त्यातले शत्रू आहेत ‘अँटी’, म्हणजे कलेचा आणि कलावंतांचा द्वेष करणारे. कंपनीने बनवलेल्या खेळात हे साहजिक आहे. गिऱ्हाइकाला खलनायक कोण करील?

चाहत्यांनी केलेल्या खेळात मात्र खलनायक चाहतेच आहेत. मोरीचे ‘डेडबीट’, इनानिसचे गोलमटोल ‘ताकोदाची’, कियाराच्या दुकानातले नोकर, सगळे आपापल्या ठरलेल्या रूपात चालून येतात. हे आत्मपरीक्षण विनोदाच्या अंगाने केलेलं असलं तरी नेम चुकलेला नाही. व्हीट्यूबरच्या आयुष्यात द्वेष करणारे असतात, त्रासही देतात, पण तिचा दिवस घडतो तो प्रेम करणाऱ्यांच्या गर्दीने. मोठ्या प्रक्षेपणात संदेश इतक्या वेगाने सरकतात की एकही धड वाचता येत नाही. हजारोंना एकाच वेळी तिचं लक्ष हवं असतं. पंधराव्या मिनिटाला गर्दीत दिसेनासं झालेलं ते बुटकं पात्र आणि संदेशांच्या लोंढ्यासमोर बसलेली बाई, यांच्यात फारसा फरक नाही.

गंमत पुढच्या पायरीवर आणखी वाढली. होलोलाइव्हच्या कलाकारांनी हा खेळ स्वतः थेट प्रक्षेपणात खेळायला घेतला. म्हणजे पडद्यामागची व्यक्ती आपल्या आभासी रूपातून, आपल्याच पिक्सेल-रूपाला हाताशी धरून, आपल्या चाहत्यांना बडवतेय, आणि खरे चाहते बाजूच्या चौकटीत पैसे पाठवून आणखी बडव म्हणून ओरडतायत. एखाद्या शस्त्रावर तिची नजर पडते, जुना विनोद ओळखून ती लाजते किंवा भडकते, आणि त्यातून नवा विनोद जन्मतो.

परवानगीचं राजकारण

असा खेळ जगला कसा, हा प्रश्न खरं तर आधी पडायला हवा. ही पात्रं कव्हर कंपनीच्या मालकीची आहेत. दुसऱ्याच्या पात्रांवर चाहत्यांनी केलेले खेळ बहुधा वकिलाच्या पत्राने संपतात. ऑगस्ट २०१६मध्ये ‘मेट्रॉइड २’ची चाहत्याने अनेक वर्षं खपून केलेली नवी आवृत्ती प्रकाशित झाली आणि निन्टेन्डोने काही दिवसांतच ती उतरवायला लावली.

जपानमध्ये मात्र चाहत्यांनी मूळ कथेवर स्वतःची कॉमिक्स काढून विकण्याची परंपरा जुनी आहे. टोकियोत वर्षातून दोनदा भरणारा कॉमिकेट हा त्याचा महामेळा १९७५पासून चालतो. कायद्याने सगळं चोख नसलं तरी प्रकाशक डोळेझाक करतात, कारण तिथूनच नवे चित्रकार घडतात आणि मूळ मालाचा खपही वाढतो. कव्हरने डोळेझाक न करता नियमच लिहून दिले. चाहत्यांनी निर्मिती करावी, पण ती अधिकृत असल्याचा भास निर्माण करू नये, कलाकाराची बदनामी होऊ देऊ नये, परवानगीशिवाय त्याचा धंदा करू नये. ‘होलोक्युअर’ फुकट आहे हे औदार्य आहेच, पण हिशेबही आहे. पुढे २०२३मध्ये कव्हरने ‘होलो इंडी’ हा उपक्रम काढला. त्यात चाहत्यांनी केलेले खेळ परवान्यासह स्टीमवर विकता येतात आणि उत्पन्नात करणाऱ्याला वाटा मिळतो. चाहत्यांची हौस हा आपल्याच मालाचा एक पुरवठादार आहे हे कंपनीने ओळखलं.

यात कंपनीचा स्वार्थ आहे हे उघड आहे, पण खेळाला त्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. या धंद्यात माणसं निघून जातात. करार संपतात, तब्येती बिघडतात, मतभेद होतात. या निरोपाला तिथे ‘ग्रॅज्युएशन’ म्हणतात. पहिल्या ११ जणींपैकी त्सुकुमो साना खेळ आल्यावर दोन महिन्यांच्या आतच निवृत्त झाली. २०२५मध्ये खुद्द गुरानेही निरोप घेतला. खेळात मात्र दोघी निवडता येतात. चाहत्याला आपली आठवण कंपनीच्या वेळापत्रकानुसार पुसावी लागली नाही.

हे सगळं ठाऊक नसलेल्या माणसाने ‘होलोक्युअर’ खेळला तर? कोळी कोणी शिजवला, अश्रू कोणाचे, उशी कशाला, यातलं काहीही कळलं नाही तरी विसाव्या मिनिटापर्यंत पोहोचायची चुरस तितकीच लागते, आणि एकदा हरलं की ‘आणखी एकच डाव’ म्हणत तास निघून जातो. घरातल्या विनोदांवर रचलेली बहुतेक नाटकं घराबाहेर गेली की आपटतात. हा खेळ आपटत नाही, याचं श्रेय प्रेमाला नाही, कारागिरीला द्यायला हवं. साधा विंडोज संगणक पुरतो आणि पैसे पडत नाहीत. तेव्हा खात्री करून घ्यायला हरकत नाही, फक्त सकाळी लवकर उठायचं नसेल अशा रात्री.